विंगेत कोणी नाही

चिखलोली
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

नूतन,

खुशाली विचारत नाही. तू सांगणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज केला तर त्यावर अंगठा पाठवतेस. तो अंगठा ‘बरं’ म्हणून असतो की ‘पुरे’ म्हणून, मला कळत नाही. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. इथून विठ्ठलवाडीला रिक्षानं तासाभरात येता येतं. पत्राला चार दिवस लागतील. तेवढं अंतर तुला आणि मला दोघींनाही चालेल.

कामाचं लिहिते. बाबांचं बोलणं अडायला लागलं आहे. चालणं, जेवण, झोप ठीक. पण वाक्याच्या मध्येच थांबतात आणि पुढचे शब्द येत नाहीत. डॉक्टर म्हणतात विसरणं वाढत जाणार, गोळ्यांनी फार तर वेग कमी होईल. माणसं अजून ओळखतात. किती दिवस ओळखतील ते डॉक्टर सांगत नाहीत.

दुसरं असं की जे बोलतात त्यातलं त्यांचं किती आणि भूमिकांमधलं किती, हे मला सांगता येत नाही. राजाबाई म्हणून एक बाई जांभूळहून स्वयंपाकाला येते. सोमवारी ती ओट्यापाशी असताना बाबांनी टेबलावर हात आपटून हुकूम सोडला, आरोपीला हजर करा. ती मागे वळूनही न बघता म्हणाली, “आरोपी कुकरात हाय, शिट्या झाल्या का हजर करतंय.” बाबांनी मान डोलावली आणि कोर्ट तहकूब केलं. अशानं दिवस निघतात, माझी तक्रार नाही.

परवा मात्र जेवताना त्यांनी घास हातात धरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “त्या पोरीला सांगा, तिचं होतं ते मी घेतलं. परत कसं देतात ते मला येत नाही.” मग घास खाल्ला आणि ताक मागितलं.

हे वाक्य कुठलं, ते मी दोन दिवस शोधते आहे. नाटकातलं नाही. अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यातलं नाट्यमंडळ होतं तेव्हापासून ते नाटकाचे दौरे सुटेपर्यंत डाव्या विंगेत स्टुलावर पुस्तक घेऊन मीच बसले. बी. ए. होऊन काळोखात बसून नवऱ्याला शब्द पुरवायचे का, असं माझे वडील विचारत. पुरवले. त्यामुळे रंगमंचावरचं त्यांचं प्रत्येक वाक्य मला येतं. मालिकांमधले त्यांचे न्यायाधीश, सिव्हिल सर्जन, सरपंच, नायिकेचे सासरे हे सगळे मी टीव्हीसमोर बसून पाहिले आहेत. त्यातलंही नाही.

राहिला रेडिओ. रेडिओला प्रॉम्प्टर लागत नाही, कागद समोर असतो. त्याची तालीम ते तुझ्याबरोबर करायचे. तू शाळेतून आलीस की ओट्याला टेकून समोरच्या पात्राचं वाचायचीस आणि वाचून झालेला कागद आवाज न करता खाली सोडायचीस. फरशीभर कागद पडायचे आणि मी ते उचलायची. ती नाटकं मला माहीत नाहीत, तुला माहीत आहेत. तेव्हा आठवून कळव, हे वाक्य रेडिओतलं आहे का?

का विचारते ते तुला कळलं असेल, तरी स्पष्ट लिहिते. धर्मेशसारखा जावई गेला त्या दिवशी तुझ्या दारात माणसं येत होती आणि तू खाली बसून त्यांच्या चपला ओळीनं लावत होतीस. कोणी उठवलं तरी उठत नव्हतीस. पुढल्या वर्षी मालिकेत बाबांच्या वाट्याला मुलगा गेलेल्या बापाचं काम आलं आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर तसंच केलं. लिहून दिलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून केलं. लोकांनी वाहवा केली. तू इथे आलीस आणि म्हणालीस, माझं एवढंच उरलं होतं, तेही वापरलंत. त्यानंतर तू आली नाहीस.

आता ते वाक्य त्यासंबंधी असेल तर तुला सांगणं माझं काम आहे. कुठल्या तरी लेखकानं लिहिलेलं असेल तर तुला उगाच बोलावण्यात अर्थ नाही. एवढंच.

आई

*

चिखलोली
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

नूतन,

तुझा मेसेज मिळाला. ‘रेडिओत नव्हतं. आई, तू विंगेत होतीस का?’

विंग कुठली? दोन खोल्या आणि हॉल आहे. जेवायला मी त्यांच्या डाव्या हाताला बसते, कारण पातेली त्या बाजूला असतात. तू आईला विचारते आहेस की तुरुंगातल्या कैद्याला, हे आधी ठरव. मी त्यांच्या तोंडी शब्द घालून तुला फसवून बोलावते आहे, असं तुला म्हणायचं असेल तर तसं सरळ लिही.

हे वरचं मी सोमवारी लिहिलं होतं आणि पाकीट बंद करणार होते. मधे एक प्रकार घडला, तो लिहिल्याशिवाय पाठवणं बरोबर नाही.

काल अंबरनाथला बाबांचा सत्कार होता. हौशी नाटकवाल्यांचा सुजित दोन महिने मागे लागला होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, त्यांना बोलता येत नाही, शाल घाला आणि सोडा. तो म्हणाला, “काकू, टेन्शन नका घेऊ. काका दोन शब्द बोलले तरी बस्स, पब्लिक फुल इमोशनल होणार.” सभागृह भरलेलं होतं. कारखान्यातले जुने लोक काठ्या टेकत आले होते. सुजितनं ओळख करून दिली, की ह्यांनी एवढी कामं केली पण पोस्टरवर ह्यांचा चेहरा एकदाही आला नाही. घरोघरी ह्यांना बघून लोक म्हणतात, अरे हे ते, आणि पुढे नाव कोणालाच आठवत नाही. बाबा नेमक्या जागी हसले. मला वाटलं, निभावलं.

मग माइक हातात आला. बाबा म्हणाले, “आज मी जो काही आहे, तो…” आणि थांबले.

आता हे तुला नीट समजायला हवं. प्रॉम्प्टरचं काम शब्द सांगणं नव्हे, ते कोणीही करेल. थांबलेला नट विसरला आहे की विराम घेतो आहे, हे ओळखणं हे काम. विरामात शब्द दिला तर प्रसंग मेला. विसरल्यावर नाही दिला तर नट मेला. इतकी वर्षं मी ते त्यांच्या पाठीवरून ओळखत आले. खांदे सैल असले तर विराम, मानेची शीर ताठ असली तर विसर. काल मी पहिल्या रांगेत होते. मला त्यांची पाठ दिसत नव्हती. त्यांनी हळूच डावीकडे बघितलं. तिकडे विंगेत हार घेतलेली दोन मुलं उभी होती.

मी कधी बोलले ते मला कळलंच नाही. दबक्या आवाजात म्हटलं, “माझ्या सोबतच्या लोकांमुळे.” मी बसले होते तीही त्यांची डावी बाजूच होती, हे आज सकाळी माझ्या लक्षात आलं.

त्यांनी ते उचललं आणि असं म्हटलं, नूतन, की सभागृह उभं राहिलं. सुजित रडला. कारखान्यातले ते म्हातारे रडले. माझ्या शेजारची बाई माझा हात धरून म्हणाली, किती आतून बोलले हो. मी त्यांना ‘गॅस बंद कर’ असं दिलं असतं तरी त्यांनी ते त्याच आवाजात म्हटलं असतं आणि लोक उभे राहिले असते.

रिक्षात बाबांना विचारलं, तुम्हाला काय म्हणायचं होतं? ते म्हणाले, “बरं झालं ना?” मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी लिहिलेलं खोडत नाही. पण ते जसंच्या तसं धरू नकोस.

आई

*

चिखलोली
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

नूतन,

तू उत्तर दिलं नाहीस. या वेळी अंगठाही नाही. ठीक आहे.

मी एक गोष्ट करून बघितली. करायला नको होती. शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, “मला ना…” आणि थांबले. मी मुद्दाम म्हटलं, “कारल्याची भाजी आवडते.” ते म्हणाले, मला ना, कारल्याची भाजी आवडते. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांनी कारलं ताटाला लावू दिलेलं नाही, तुला माहीत आहे. राजाबाईनं खरं समजून रविवारी कारली केली. बाबांनी सगळी खाल्ली. तोंड वाकडं करत खाल्ली, पण खाल्ली, कारण स्वतःच बोलून बसले होते. राजाबाई मला म्हणाली, “ते खरं बोलतान का नाटक करतान, मना काय कललं नाय.” मी तिला म्हटलं, मलाही नाही. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

तेव्हा आता ते वाक्य पुन्हा लिहिते. पहिल्या पत्रात ते सलग लिहिलं होतं. ते सलग नव्हतं.

बाबा म्हणाले, “त्या पोरीला सांगा.” आणि थांबले. घास हातात. डावीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं. मी मानेची शीर बघितली. आता ती कायमच ताठ असते, वयानं. मला ठरवता आलं नाही. मी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग म्हटलं, “तिचं होतं ते मी घेतलं.” ते त्यांनी म्हटलं. तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. मी विंगेत होते.

कदाचित ते पुढे म्हणणार होते, त्या पोरीला सांगा, ताक आण. राजाबाईलाही ते पोरगीच म्हणतात. आणि ताक त्यांनी नंतर मागितलंच. हे मला रोज दुपारी ताक वाढताना आठवतं.

पण त्यापुढचं मी दिलेलं नाही. ‘परत कसं देतात ते मला येत नाही.’ हे त्यांनी स्वतः म्हटलं, माझ्याकडे न बघता, ताटाकडे बघून. शपथ घेत नाही, शपथांवर तुझा विश्वास नाही. तू फक्त एवढं बघ, मला तसं वाक्य सुचलं असतं का? मला सुचतं ते ‘माझी चूक झाली’ किंवा ‘मला क्षमा कर’. सरळ, निवेदनासारखं. ‘येत नाही’ असं मी कधी कशालाच म्हटलेलं नाही.

अर्थात रेडिओतली सगळीच वाक्यं तुला आठवत असतील असंही नाही. दहावीनंतर तू तालमीला बसणं सोडलंस. त्यानंतर दहा-बारा वर्षं ते रेडिओवर होते. म्हणजे तिथेही खात्री नाही. मी जेवढं लिहिते तेवढा गुंता वाढतो. माझ्या लिहिण्याची ही रीत नव्हे.

माझं मत असं झालं आहे की मी घरात असेपर्यंत ते काय बोलतात हे कोणालाच कळणार नाही, मलाही नाही. ते थांबले की मी बोलणार. किती दात आवळले तरी ओठ हलतात, आणि ते ओठांवरूनही उचलतात. पन्नास वर्षांची सवय दोन्ही बाजूंना आहे.

म्हणून हे ठरवलं आहे. सोळा तारखेला, रविवारी, राजाबाईच्या भाच्याची जांभूळला हळद आहे. मी दुपारीच जाणार आणि अंधार पडल्यावर येणार. तिकडे डीजे असतो, मला आवडत नाही, तरी जाणार. शेजारच्या विठाकडे चावी आहे. तू आली नाहीस तर ती बाबांजवळ बसेल, तेव्हा तुझ्यावर कसलाही बोजा नाही. आलीस तर काही गोष्टी सांगते. त्यांच्या डाव्या हाताला बसू नकोस. उजवीकडे खुर्ची ठेवून जाते. ते थांबले तर शब्द देऊ नकोस. तू माझी मुलगी आहेस, तुझ्या जिभेवर येईल. गिळ. कितीही वेळ लागू दे. पुढे काहीच आलं नाही, तर काहीच आलं नाही. निदान ते त्यांचं असेल.

ते काय बोलले हे मला सांगायची गरज नाही. त्यांनी तुझं जे वापरलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. चुकीचं होतं असं म्हणायलाही मला जमत नाही. ते त्यांचं सगळ्यांत चांगलं काम होतं आणि ते तुझं होतं. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते मला कळलेलं नाही.

आई

*

चिखलोली
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

नूतन,

तू आली होतीस. विठानं सांगितलं. तेवढंच सांगितलं, कारण तू दार लावून घेतलंस आणि तिला आतलं काही ऐकू आलं नाही. तिनं प्रयत्न केला असणार.

मी घरी पोचले तेव्हा बाबा खिडकीपाशी होते. टेबलावर दोन कप होते. एक रिकामा, एकात चहा तसाच, साय धरलेला. कुठला कोणाचा ते समजलं नाही. उजवीकडची खुर्ची उजवीकडेच होती.

दारात चपला होत्या. आमच्या दाराशी नेहमीच पसारा असतो, बाबांच्या सपाता, माझ्या दोन जोड्या, राजाबाईची जुनी, विठाची एखादी. त्यातल्या तीन-चार जोड्या भिंतीला धरून सरळ लावलेल्या होत्या. बाकीच्या तशाच, एक उलटी पडलेली. म्हणजे कोणी तरी लावायला घेतल्या आणि मध्येच सोडल्या. मी तिथेच उभी राहिले, हळदीची पिशवी हातात घेऊन. कोणी घेतल्या आणि कोणी सोडल्या? बाबांनी तुला करून दाखवलं असेल, तर मी तुला बोलावून मोठीच चूक केली. तुझ्याच्यानं राहवलं नसेल, तर तीही चूकच.

आत गेले. त्यांच्या उजवीकडच्या खुर्चीवर बसले, मुद्दाम. विचारलं, कोण आलं होतं?

बाबा म्हणाले, “ती…” आणि थांबले.

त्यांनी डावीकडे बघितलं. तिकडे भिंत आणि पंख्याची बटणं. मी गप्प बसले. तोंडावर पदर धरून बसले, ओठ दिसू नयेत म्हणून. बाहेर कोणाचा तरी टीव्ही चालू होता, त्याच्या जाहिराती सुरू होऊन संपल्या. मानेची शीर ताठच होती. तुझं नाव माझ्या दातांपर्यंत आलं होतं. मला खात्री होती की विसरले, संपलं, आता पुढचं मी दिल्याशिवाय काही येणार नाही.

आणि मग ते म्हणाले, “ती चपला लावायला बसली दारात. मी म्हटलं, असू दे. तशाच असू दे. आत ये.”

तो विराम होता, नूतन. एवढा मोठा विराम त्यांनी कधी रंगमंचावरही घेतला नव्हता. आणि मी असते डावीकडे, तर तो मी मोडला असता. गेल्या वर्षभरात असे किती मोडले असतील, त्याचा विचार आज दिवसभर डोक्यातून जात नाही.

हे त्यांचं बोलणं खरं, की त्यांनी ते तिथल्या तिथे रचलं, की कुठल्या मालिकेतलं आहे, हे तू एका ओळीत सांगू शकशील. मला विचारायचं नाही. तूही सांगू नकोस. मी आयुष्यभर पुस्तक हातात धरून बसले, पुढचं वाक्य नेहमी माझ्याकडे असायचं. या वेळी माझ्याकडे नाही. सवय नाही म्हणून त्रास होतो आहे, होईल सवय.

एक मात्र लिहायलाच हवं. तू जाताना माझी चप्पल घालून गेलीस. काळी, डाव्या पायाची टाच झिजलेली. ती मी रोज वापरते, हळदीला दुसरी घातली होती. तुझी इथे राहिली आहे, तीही काळीच, पण नवी, आणि मला बोटात घट्ट होते. माणूस रागात दुसऱ्याची चप्पल घालून जातं की रडताना, मी सकाळपासून ठरवते आहे. ठरत नाही. विठाला विचारलं, तर ती म्हणाली, ताई खाली बघून जात होती. खाली बघून गेलीस, तरी पायात काय आहे ते दिसलं नाही तुला?

कुरिअरनं पाठवू नकोस. मीही तुझी पाठवणार नाही.

बाबांनी सकाळी दाराशी जाऊन तुझी चप्पल बघितली. उचलली नाही, सरळही केली नाही. मला म्हणाले, “त्या पोरीला सांगा…”

मी उजवीकडे उभी होते. काही बोलले नाही. ते अजून थांबलेले आहेत. तू माझी चप्पल घेऊन ये, तोपर्यंत मी मधे बोलणार नाही.

आई